वडाप आपलं, काटा कुणाचा?

कोल्हापुरात शेअरिंगला वडाप म्हणतात. सीट भरल्या की गाडी सुटते आणि भाडं किती ते बसणाऱ्या प्रत्येकाला आधीच माहीत असतं. शेतकरी आपली माणसं आणि बैल आळीपाळीने एकमेकांच्या रानात नेतात, तो पैरा. गल्लीतल्या बायका दर महिन्याला पैसे गोळा करून एकीच्या हातात देतात, ती भिशी. या तिन्हींसाठी कुणी परदेशातून गुंतवणूक आणली नाही, कुणी स्टेजवर उभं राहून भाषण ठोकलं नाही. तिन्ही टिकल्या त्याचं कारण साधं आहे. हिशोब सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होतो. भिशीची चिठ्ठी सगळ्यांदेखत उचलली जाते.

गेल्या दहाएक वर्षांत याच कल्पनेला इंग्रजी कोट घालून ती मोबाईलमधून आपल्याला परत विकली गेली. नाव 'शेअरिंग इकॉनॉमी'. तुम्ही कामगार नाही म्हणे, 'पार्टनर' आहात. आता या पार्टनरशिपचा हिशोब मांडू. गाडी तुझी, पेट्रोल तुझं, मोबाईल आणि त्याचा रिचार्ज तुझा, पावसात घसरून पडलास तर हाडही तुझं. भाव ठरवणार कंपनी, ऑर्डर कुणाला द्यायची ते ठरवणार कंपनी, आयडी बंद करणार कंपनी. मग शेअर नेमकं काय झालं? जोखीम. तीही शेअर झालेली नाही, सगळीच्या सगळी तुझ्या वाट्याला आली.

हे लिहायचं कारण सरळ आहे. आपल्या मोहल्ल्यातली पोरं या धंद्यात आहेत. सदर बाजारात, यादवनगरात, राजेंद्रनगरात संध्याकाळी उभं राहून बघा. एकाच घरात बाप रिक्षा चालवतो, थोरला भाऊ डिलिव्हरीच्या बॅगा वाहतो आणि धाकटा बाईक-टॅक्सी कधी सुरू होते त्याची वाट बघतो. शहरात कोण कुठून कुठे, किती रुपयांत जाणार हे ठरवणारं धोरण म्हणजे आपल्या घरातला किराणा आहे. आणि ते धोरण लिहिलं जातं त्या खोलीत आपण नसतो. आपल्याला बोलावत नाहीत हे खरंच आहे. पण आपण दारही वाजवत नाही, हेही तेवढंच खरं आहे. माझं भांडण या दुसऱ्या गोष्टीशी आहे.

काटामारी ओळखणारा जिल्हा

मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून एक गोष्ट आधीच स्पष्ट करतो. 'अल्गोरिदमने ठरवलं' असं कुणी म्हटलं की समजायचं, माणसानेच ठरवलंय आणि आता तो नाव सांगायला तयार नाही. रेटिंग कितीच्या खाली गेलं की ऑर्डर कमी द्यायच्या, नकार किती दिले की आयडी थांबवायचा, पाऊस आला की भाव किती पटीने चढवायचा, हे आकडे कुठल्यातरी फाइलमध्ये कुणीतरी टाइप केलेले असतात. त्याआधी त्यांच्यावर मीटिंग झालेली असते. मीटिंगला माणसं असतात. तो आकडा आभाळातून पडत नाही.

कोल्हापूरकराला हे शिकवावं लागू नये. उसाचा ट्रॅक्टर कारखान्याच्या काट्यावर चढतो तेव्हा शेतकऱ्याच्या पोटात गोळा का येतो, हे या जिल्ह्यातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. काटामारी हा शब्दच आपल्याकडे घडला आहे. शेतकरी संघटनांनी वर्षानुवर्षं आंदोलनं केली, ती दरासाठी आणि वजनासाठीही. दर कितीही चांगला द्या, काटा तुमच्या हातात असेल तर दराला अर्थ नाही, हे त्यांना कळलं होतं. गोकुळ दूध संघ १९६३ साली उभा राहिला. गावच्या डेअरीत दूध घालणारी बाई फॅट किती लागली ते विचारते आणि पावती घेऊन घरी जाते. तिच्या दुधाचा भाव कुठल्या हिशोबाने निघाला, हे तिला विचारता येतं.

आता आपल्या रायडरला विचारा. गिऱ्हाइकाने किती दिले, त्यातले तुला किती मिळाले, मधले कुठे गेले? दोन किलोमीटरच्या ऑर्डरला काल एक रक्कम आणि आज दुसरी का? त्याला माहीत नसतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या म्हशीच्या दुधाला जेवढा हिशोब मिळतो, तेवढाही आपल्या पोराच्या घामाला मिळत नाही.

रिक्षाचं बघा. मीटरचा दर ठरवताना राज्य सरकारने २०१२ मध्ये निवृत्त सनदी अधिकारी पी. एम. ए. हकीम यांच्या एकसदस्य समितीचं सूत्र स्वीकारलं. त्यावर वाद झाले, प्रवासी संघटनांनी विरोध केला, पुढे खटुआ समिती आली. पण सूत्र कागदावर होतं. इंधन, देखभाल, गाडीची किंमत, महागाई असं सगळं मांडलेलं होतं आणि ज्याला पटत नव्हतं तो बोट ठेवून भांडू शकत होता. जिल्ह्यात भाडं ठरतं ते जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या प्रादेशिक परिवहन प्राधिकरणात. तिथे निवेदन देता येतं. ॲपच्या दराचं सूत्र मात्र व्यापारी गुपित. ज्या भावावर भांडताच येत नाही, तो भाव नव्हे, हुकूम झाला.

आपल्याला तर याबद्दल वेगळं सांगायची गरजच नाही. सूरह अल-मुतफ्फिफीनची सुरुवातच मापात मारणाऱ्यांबद्दल आहे: घेताना पुरेपूर मोजून घेणारे आणि देताना कमी देणारे. जुम्म्याच्या बयानात हे आपण ऐकतो आणि आपल्या डोळ्यांसमोर दुकानदाराचा तराजू येतो. या काळातला सर्वांत मोठा तराजू खिशातल्या मोबाईलमध्ये आहे. त्यावर बयान कधी होणार?

'कंपनी धर्म विचारत नाही'

हा युक्तिवाद मला रोज ऐकू येतो आणि त्यात तथ्य आहे. आडनाव ऐकून इंटरव्ह्यूत चेहरे बदलतात, भाड्याचं घर दाखवता दाखवता 'मालक तयार नाहीत' होतं. हे सोसलेल्या पोराला ॲप पहिल्यांदा दार उघडून देतं. लायसन्स आणि आधार अपलोड केलं की काम सुरू. ही छोटी गोष्ट नाही. जे लोक उठसूट 'ॲप बंद करा' म्हणतात, त्यांनी आधी या पोराला दुसरं काम दाखवावं.

पण दार उघडं असणं वेगळं आणि आत गेल्यावर इन्साफ मिळणं वेगळं. कंपनी धर्म विचारत नाही, गिऱ्हाईक विचारतं. २०१९ मध्ये जबलपूरमधल्या एका गिऱ्हाइकाने डिलिव्हरी करणारा हिंदू नाही म्हणून झोमॅटोची ऑर्डर रद्द केली आणि ते अभिमानाने जाहीर केलं. तेव्हा कंपनी ठाम उभी राहिली, तिचं कौतुक झालं, ते योग्यच होतं. २०२२ मध्ये हैदराबादमध्ये स्विगीच्या एका ऑर्डरवर मुस्लिम माणूस पाठवू नका अशी सूचना लिहून आली. ही दोन प्रकरणं उघड झाली कारण गिऱ्हाइकाने लिहून ठेवलं. जो लिहीत नाही आणि नाव बघून गुपचूप एक स्टार देतो, त्याचं काय? तो एक स्टार सरासरीत मिसळतो. सरासरीला द्वेष ओळखता येत नाही. ती फक्त आकडा खाली आणते आणि पोराला वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.

हे माझ्या मनाचे खेळ नाहीत. अमेरिकेत हार्वर्डच्या संशोधकांनी एअरबीएनबीवर एक प्रयोग केला. घर भाड्याने मागणाऱ्यांच्या विनंत्या सारख्याच, फक्त नावं वेगळी. कृष्णवर्णीय वाटणाऱ्या नावांना होकार मिळण्याचं प्रमाण गोऱ्या नावांपेक्षा सुमारे १६ टक्क्यांनी कमी निघालं. सॉफ्टवेअर दोघांना एकच होतं. माणसांचा पूर्वग्रह त्यातून आरपार गेला. आपल्याकडे असा प्रयोग कुणी करायचा? ज्या समाजाला त्याची झळ बसते त्यानेच. पुण्यात, बंगळुरूत बसलेल्या आपल्या इंजिनिअर पोरापोरींनी.

आणि दबाव आणला तर कंपन्या हलतात. मार्च २०२४ मध्ये झोमॅटोने शुद्ध शाकाहारी ऑर्डरसाठी वेगळा ताफा आणि त्यांना हिरवे कपडे जाहीर केले. लोकांनी लगेच विचारलं: लाल शर्टातला रायडर एखाद्या सोसायटीत शिरला तर तो 'मांसवाला' म्हणून अडवला जाणार नाही कशावरून? एका दिवसात हिरवे कपडे मागे घेतले गेले. कपड्याचा रंग हाही धोरणाचाच भाग असतो आणि तो बदलतो, बोललं तर.

७ जून

७ जून २०२३ कोल्हापूर विसरलेलं नाही. मोबाईलवरच्या काही स्टेटसवरून वाद पेटला, हिंदुत्ववादी संघटनांनी बंद पुकारला, दगडफेक झाली, पोलिसांना लाठीमार करावा लागला, अश्रुधूर सोडावा लागला. आणि शहराचं इंटरनेट बंद करण्यात आलं.

त्या दिवसांबद्दल आपण खूप बोललो. काचा, केसेस, भीती, सगळ्यावर बोललो. एका गोष्टीवर कुणी बोललं नाही. इंटरनेट बंद म्हणजे ॲप बंद आणि ॲप बंद म्हणजे रोजी बंद. ही रोजी फक्त आपल्या पोरांची गेली असं नाही. उचगावच्या, कसबा बावड्याच्या, फुलेवाडीच्या रायडरचीही गेली. बंद पुकारणाऱ्यांच्या आळीतल्या पोराचीही गेली. दंगल करणारे मोजके, दंड सगळ्यांना. आणि या दंडाची भरपाई इंटरनेट बंदीच्या नियमांत कुठेही लिहिलेली नाही.

सर्वोच्च न्यायालयाने १० जानेवारी २०२० रोजी अनुराधा भसीन खटल्यात स्पष्ट सांगितलं आहे: इंटरनेट बंदीचा आदेश प्रसिद्ध केला पाहिजे, तो गरजेपुरताच असला पाहिजे, त्याला आव्हान देता आलं पाहिजे, आणि इंटरनेटवरून चालणाऱ्या व्यापार-व्यवसायालाही कलम १९ चं संरक्षण आहे. ही बंदी कायदा-सुव्यवस्थेचा प्रश्न म्हणून बघितली जाते, तशीच ती मजुरीचा प्रश्न म्हणूनही मांडली गेली पाहिजे. 'आमच्या समाजावर अन्याय' या एका वाक्याला लोक दोन गटांत विभागून प्रतिसाद देतात. 'शहरातल्या सगळ्या रायडरचे दोन दिवस बुडाले, ते भरून द्या' या वाक्याभोवती उचगाव आणि सदर बाजार एकत्र उभे राहू शकतात.

खोलीत कोण होतं?

आता धोरणाकडे येऊ. २०२३ च्या सुरुवातीला महाराष्ट्रात बाईक-टॅक्सीला परवानगी नव्हती. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि हात हलवत परत आली. १ एप्रिल २०२५ रोजी राज्य मंत्रिमंडळाने ई-बाईक टॅक्सीला मंजुरी दिली आणि जुलैमध्ये नियम आले. एक लाखाहून अधिक लोकसंख्येच्या शहरांना हे धोरण लागू. कोल्हापूर २०११ च्या जनगणनेतच साडेपाच लाखांच्या घरात होतं, म्हणजे आपण त्यात आहोत. गाड्या विजेवरच्याच हव्यात आणि अर्ज करणाऱ्याकडे किमान ५० बाईकचा ताफा हवा.

हा ५० चा आकडा नीट वाचा. एकटा पोरगा स्वतःची बाईक घेऊन या नियमात बसत नाही. त्याच्यापुढे दोनच रस्ते उरतात. कुणातरी भांडवलदाराच्या ताफ्यात चालक म्हणून जायचं, किंवा पन्नास जणांनी एकत्र यायचं. पहिला रस्ता आपोआप तयार होतो. दुसरा बांधावा लागतो. नियम लिहिताना कुणी विचारलं का की छोट्या शहरासाठी हा आकडा दहा का नको? सहकारी संस्थेला सवलत का नको? आणि ज्या बापाची रिक्षा या बाईकमुळे रिकामी फिरणार, त्याचं काय? एकाच घरातल्या बाप-लेकाला धोरणाने समोरासमोर उभं केलं आहे आणि दोघेही खोलीच्या बाहेर आहेत.

मोटार वाहन कायद्याच्या कलम २१२ प्रमाणे असे नियम आधी मसुदा म्हणून प्रसिद्ध करावे लागतात, त्यावर हरकती व सूचना मागवाव्या लागतात. कंपन्यांचे वकील त्या मुदतीत पानंच्या पानं पाठवतात. त्यांचं ते कामच आहे. आपल्या बाजूने काय जातं? व्हॉट्सॲपवरचा संताप. संतापाला आवक क्रमांक मिळत नाही.

फेरीवाल्यांचं उदाहरण तर याहून बोलकं आहे. २०१४ च्या पथविक्रेता कायद्यात शहर फेरीवाला समितीत किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले असावेत असं लिहिलं आहे. त्यात एक तृतीयांश स्त्रिया हव्यात आणि अनुसूचित जाती-जमाती, ओबीसी, अपंग यांच्यासोबत अल्पसंख्याकांनाही योग्य प्रतिनिधित्व हवं. देशाच्या संसदेने शब्द लिहून ठेवला आहे: अल्पसंख्याक. आपल्यातल्या किती फळविक्रेत्यांना, किती चप्पल-कपडे विकणाऱ्यांना हे माहीत आहे? गाडी उचलून नेली की आपण नगरसेवकाकडे धावतो. दर पाच वर्षांनी विक्रेत्यांचं सर्वेक्षण झालंच पाहिजे, हा हक्क मागायला कुणी जात नाही.

आणि नगरसेवक तरी कुठे होते? नोव्हेंबर २०२० मध्ये महापालिका सभागृहाची मुदत संपली आणि पुढची पाच वर्षं शहर प्रशासकाच्या हाती राहिलं. म्हणजे ज्या काळात ॲप घराघरात पोचले, त्याच काळात शहराच्या सभागृहात प्रश्न विचारणारा निवडून आलेला एकही माणूस नव्हता.

'आपलं ऐकतं कोण?'

हे वाक्य मला सगळ्यात जास्त खटकतं. ते नम्रतेसारखं दिसतं, पण त्यातून सुटका मिळवता येते. ऐकत नाहीत म्हटलं की बोलायची जबाबदारी संपली. समाजातले वडीलधारे आणि जबाबदार मंडळी कब्रस्तानची भिंत, शादीखान्याची मंजुरी आणि निवडणुकीच्या आधीची बैठक यापलीकडे महापालिकेकडे काही मागत नाहीत. कब्रस्तानला भिंत हवीच. पण जिवंत माणसांच्या रोजीचं काय?

कोण ऐकतं ते आपल्याच शहराने दाखवलं आहे. आयआरबी कंपनीने रस्ते केले आणि शहराच्या वेशीवर टोलनाके उभे राहिले. ३० वर्षं टोल भरायचा होता. गोविंद पानसरे, एन. डी. पाटील यांच्यासारखी वयस्क माणसं रस्त्यावर उतरली. त्यांच्यासोबत रिक्षावाले, तालमी, व्यापारी, गृहिणी उतरल्या. घोषणा झाल्या, मोर्चे निघाले आणि त्याबरोबर आणखी एक गोष्ट झाली. लोकांनी करार वाचला, रस्त्यांच्या दर्जावर बोट ठेवलं, कामाचं मूल्यांकन मागितलं. २०१५ संपता संपता टोल गेला. करारावर सही झालेली होती, कंपनी मोठी होती, सरकारं बदलली होती. तरी गेला. या लढ्याच्या काळात पानसरेंवर गोळ्या झाडल्या गेल्या, हेही विसरता कामा नये. शहरासाठी बोलणं फुकट नसतं.

आणि ज्यांना 'आपला' माणूस बघितल्याशिवाय विश्वास बसत नाही, त्यांनी हैदराबादच्या शेख सलाउद्दीन यांच्याकडे बघावं. कॅब चालवणारा हा माणूस ॲपवर चालणाऱ्या कामगारांच्या देशव्यापी महासंघाचा सरचिटणीस झाला. या महासंघाने २०२१ मध्ये सामाजिक सुरक्षेसाठी सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. २०२३ मध्ये राजस्थानने गिग कामगारांसाठी देशातला पहिला कायदा केला, तो अशाच संघटनांच्या रेट्यातून. २०२५ मध्ये कर्नाटकने कायदा केला. त्यात कामगाराला काढताना लेखी कारण आणि १४ दिवसांची पूर्वसूचना आहे, ॲपची यंत्रणा काम कसं वाटते आणि रेटिंगचा कसा वापर करते ते समजून घेण्याचा हक्क आहे. कर्नाटकची सीमा आपल्या कागलपासून हाकेच्या अंतरावर आहे. निपाणीच्या पोराला जो हक्क आहे, तो कागलच्या पोराला नाही. नद्या, ऊस आणि पाहुणे सीमा ओलांडतात, मग हा कायदा का नाही?

'आपण बोललो की मुस्लिमांचा मुद्दा होतो आणि उलट फटका बसतो,' अशी भीतीही असते. २०२३ नंतर ती खोटी आहे असं मी म्हणणार नाही. म्हणून तर रायडर म्हणून, रिक्षावाला म्हणून, फेरीवाला म्हणून बोलायचं, सगळ्यांसोबत. मक्केत नबुवतच्या आधी एक करार झाला होता, हिल्फ-उल-फुजूल. बाहेरगावच्या एका व्यापाऱ्याचा माल घेऊन मक्केतल्या एका बड्या माणसाने पैसे बुडवले. काही कबिले एकत्र आले आणि त्यांनी ठरवलं, जुलूम झालेला कुणीही असो, त्याचा हक मिळेपर्यंत त्याच्या पाठीशी राहायचं. हुजूर सल्लल्लाहु अलैहि वसल्लम तेव्हा तरुण होते आणि त्या करारात सामील होते; पुढेही त्यांनी तो करार अभिमानाने आठवला. करार करणारे मुसलमान नव्हते. मुद्दा बुडालेल्या पैशाचा होता. तुमच्या वयाच्या माणसासाठी याहून मोठा दाखला मी कुठून आणू?

दहा माणसं पुरतात

फक्त मागून भागणार नाही, उभंही करावं लागेल. नोव्हेंबर २०२२ मध्ये बंगळुरूत रिक्षाचालकांच्या संघटनेला सोबत घेऊन 'नम्मा यात्री' ॲप सुरू झालं. कमिशन नाही, चालकाने दिवसाला २५ रुपये भरायचे आणि भाडं पूर्ण त्याचं. त्याचा कोड कुणालाही वाचता येतो. पुढे मोठ्या कंपन्यांनाही रिक्षांसाठी कमिशनऐवजी ठरावीक शुल्काची पद्धत आणावी लागली. केरळ सरकारचं 'केरळ सवारी' त्याच वर्षी आलं आणि सुरुवातीला फारसं चाललं नाही. कारण ॲप बनवणं सोपं असतं, चालक आणि प्रवासी दोघांनाही त्यावर टिकवणं अवघड. त्यासाठी आधी संघटना लागते, मग कोड. कोल्हापुरात रिक्षा संघटना आहेत, स्टॉप आहेत, रिक्षा नवरीसारखी सजवून सौंदर्यस्पर्धेत उतरवण्याची हौस आहे. बंगळुरूपेक्षा आपली सुरुवात वाईट नाही.

'सहकाराचं काय झालं ते बघितलंय,' असं कुणी म्हणेल. बघितलंय. संस्था घराण्यांच्या ताब्यात गेल्या, संचालकांच्या गाड्या मोठ्या झाल्या. पण बिघडलेल्या संस्थेतही सभासद वार्षिक सभेत माईक हिसकावून घेऊ शकतो. ॲपवर 'पार्टनर' असलेल्याला कुठल्या सभेचं आमंत्रण येतं? महाराष्ट्राच्या १९६० च्या सहकार कायद्यात संस्था काढायला वेगवेगळ्या कुटुंबांतली किमान दहा माणसं लागतात. दहा. एका तालमीत संध्याकाळी त्याहून जास्त असतात.

१९०६ साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने कोल्हापुरात मुस्लिम बोर्डिंग उभं राहिलं, कारण तेव्हा शिक्षणाचं दार बंद होतं आणि राजाने ते दार उघडण्यासाठी संस्था लागते हे ओळखलं. त्या बोर्डिंगच्या जोरावर पिढ्या शिकल्या. आजचं बंद दार कामाच्या अटींचं आहे. यावेळी राजा येणार नाही, आपणच यायचं आहे.

काय मागायचं, काय करायचं

मागण्या पाच आहेत आणि त्यातली एकही फक्त मुसलमानांची नाही.

एक, प्रत्येक फेरीची आणि ऑर्डरची पावती: गिऱ्हाइकाने किती दिले, कंपनीने किती ठेवले, चालकाला किती मिळाले. केंद्राच्या २०२५ च्या मार्गदर्शक सूचनांत स्वतःची गाडी असलेल्या चालकाला भाड्याचा किमान ८० टक्के हिस्सा सांगितला आहे. पावतीच नसेल तर ८० टक्के झाले की ६० ते कोण तपासणार?

दोन, आयडी बंद करायचा असेल तर लेखी कारण, आणि दाद मागायला जिल्ह्यात एक खराखुरा माणूस. चॅटबॉट नव्हे.

तीन, धर्म किंवा जात बघून ऑर्डर नाकारणाऱ्या गिऱ्हाइकावर कारवाई, आणि त्याने दिलेलं रेटिंग हिशोबातून वगळणं.

चार, इंटरनेट बंद केलं तर आदेश त्याच दिवशी मराठीत प्रसिद्ध व्हावा आणि बुडालेल्या रोजीची भरपाई मिळावी.

पाच, कर्नाटकसारखा कायदा महाराष्ट्रात. केंद्राची सामाजिक सुरक्षा संहिता २०२० मध्ये मंजूर झाली आणि २१ नोव्हेंबर २०२५ ला लागू झाली. त्यात कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के रक्कम द्यायची आहे. पण मजुरी किती, आयडी कधी बंद, रेटिंग कसं, यावर ती गप्प आहे. नीती आयोगाच्याच अंदाजाने देशात २०२९-३० पर्यंत गिग कामगार २ कोटी ३५ लाखांवर जातील. एवढ्या माणसांना विमा द्यायचा आणि काटा दाखवायचा नाही, हे चालणार नाही.

आणि काम तिघांनी वाटून घ्यायचं आहे. मशिदींच्या जमातींनी जुम्म्यानंतर बाहेर एक टेबल लावावं आणि प्रत्येक रायडर, रिक्षाचालक, फेरीवाल्याची ई-श्रम नोंदणी करून द्यावी. शेजारच्या गल्लीतला हिंदू रायडर आला तर त्याचीही, आधी त्याची. कायदा शिकणाऱ्या पोरींनी पुढचा जो मसुदा येईल त्यावर एका पानाची मराठी हरकत लिहून द्यावी, सही कुणीही करील अशी. आणि इंजिनिअर दोस्तांनो, तुम्ही अशी एक साधी वही बनवा ज्यात रायडर आपली रोजची कमाई, किलोमीटर आणि रेटिंग नोंदवेल. शंभर रायडरच्या तीन महिन्यांच्या नोंदी हातात असतील तर जिल्हाधिकारी कार्यालयात तुम्ही तक्रार घेऊन जाणार नाही, पुरावा घेऊन जाल.

ऊस घालणाऱ्याने काट्याजवळ उभं राहून वजन वाचायला शिकायला एक पिढी गेली. आपल्याकडे तेवढा वेळ नाही, कारण हा काटा रोज बदलतो. कोल्हापुरात बाईक-टॅक्सीचा अर्ज कोण करणार, त्या पन्नास बाईकवर कुणाचं नाव असणार, हे लवकरच ठरेल. पन्नास नावांची यादी करायला आपल्याला किती दिवस लागतील, ते सांगा.